ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ब्लू रिज पार्कवेला जातोय, फॉल कलर्सचा, म्हणजे पानगळीआधी पानं रंगतात त्याचा, ऐन बहर हुकणार तर नाही ना?

तुम्ही लिहिलंय की तिकिटं काढून झालीयेत, तीन दिवस नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलला राहणार आहात, सोबत आई-बाबा आहेत ज्यांना फार चालवत नाही, आणि प्रत्येक साइटवर ऐन बहराची वेगळीच तारीख दिसतेय म्हणून टेन्शन आलंय. टेन्शन घेऊ नका. ब्लू रिज पार्कवे म्हणजे पूर्व अमेरिकेतल्या डोंगरांवरून जाणारा रस्ता, त्याच्यासाठी तारखेच्या मागे लागायचंच नसतं, उंची बघायची असते. आम्ही दर फॉलला तिकडे जातो आणि जायच्या आधी मी फोरकास्टपेक्षा जास्त वेळ कुठला ओव्हरलुक (रस्त्याकडेला थांबून दरी बघायची जागा) किती फुटांवर आहे हे बघण्यात घालवते.

कारण सांगते. पार्कवे सगळा मिळून ४६९ मैलांचा आहे, व्हर्जिनियात रॉकफिश गॅपला सुरू होतो आणि नॉर्थ कॅरोलायनात चेरोकीजवळ स्मोकी माउंटन्सच्या तोंडाशी संपतो. व्हर्जिनियात जेम्स नदीपाशी तो जेमतेम साडेसहाशे फुटांवर असतो आणि रिचलंड बाल्समला ६,०५३ फुटांवर जातो. हजार फूट वर गेलं की साधारण साडेतीन डिग्री फॅरनहाइटने थंड होतं, त्यामुळे रंग आधी शिखरांवर धरतो, सप्टेंबरच्या शेवटी शेवटी, आणि मग रोज थोडा थोडा खाली उतरत जातो तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला पार दरीत पोचतो. म्हणजे ऑक्टोबरमधला कुठलाही दिवस घ्या, डोंगराच्या कुठल्या ना कुठल्या पट्ट्यात त्या दिवशी ऐन बहर असतोच, तो पट्टा शोधायला गाडी वर न्यायची की खाली एवढंच तुम्हाला ठरवायचंय.

तुमच्या आठवड्यात हा पट्टा बहुतेक चार ते पाच हजार फुटांच्या आसपास असेल, एखादं वर्ष थोडं मागेपुढे होतं. ॲशव्हिल गाव दोन हजारांच्या थोडं वर आहे, तिथे झाडं बऱ्यापैकी हिरवी दिसतील, ते बघून आपण लवकर आलो म्हणून हिरमुसू नका (बरेच जण इथेच नाराज होतात आणि वर जातच नाहीत, फार वाईट वाटतं मला).

आता प्लॅन. पहिल्या दिवशी ॲशव्हिलहून पार्कवेने दक्षिणेला निघा. रस्त्याकडेला माइलपोस्ट (मैलाचे आकडे लिहिलेले खांब) असतात आणि तिकडे सगळे पत्ता त्याच आकड्यांनी सांगतात. ४०८ च्या पुढे पिस्गा इनपाशी चहा-कॉफी आणि रेस्टरूम उरकून घ्या, मग ४१८ च्या पुढे ग्रेव्हयार्ड फील्ड्स लागेल. ही जागा सगळ्यात आधी रंगते आणि सगळ्यात आधी रिकामी होते, तुम्ही पोचाल तेव्हा तिथे पानं गळून गेलेली असण्याची शक्यता बरीच आहे, तरी थांबा, कारण तिथून खालच्या उतारांवर नजर टाकली की रंग कुठपर्यंत उतरलाय ते एका नजरेत कळतं. तसंच पुढे ४३१ ला रिचलंड बाल्सम. तिथे वर फरची झाडं आहेत, ती हिरवीच राहतात, आणि त्या काळपट हिरव्याच्या खाली पिवळा-केशरी सुरू होतो ती रेघ मला सगळ्या ड्राइव्हमध्ये जास्त आवडते.

परत येताना वरचा रंग संपलेला वाटला तर माइलपोस्ट ४१२ ला यूएस २७६ हा हायवे पकडून ब्रेव्हर्डच्या बाजूला उतरा. घाट आहे, वळणं जोरात आहेत, पण थोड्याच वेळात साडेचार हजारांवरून अडीच हजारांच्याही खाली येता आणि वाटेत प्रत्येक वळणाला झाडांचा रंग बदलत जातो. लुकिंग ग्लास फॉल्स तर अगदी रस्त्याला लागून आहे, आई-बाबांना गाडीतून उतरून कठड्यापाशी उभं राहिलं तरी पूर्ण दिसतो. खाली जायच्या पायऱ्या त्यांनी नाही उतरल्या तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला, ३६४ ला क्रॅगी गार्डन्स आणि ३५५ वरून माउंट मिचेलचा फाटा. मिचेल ६,६८४ फूट, मिसिसिपीच्या पूर्वेला याच्याएवढं उंच काही नाही, गाडी जवळजवळ टोकापर्यंत जाते, पण वारा असा असतो की जाड जॅकेट आणि कानटोपी पाहिजेच, खाली गावात टी-शर्टवर फिरत असलात तरी. तिसऱ्या दिवशी हिंमत असेल तर ३०४ चा लिन कोव्ह व्हायाडक्ट. ग्रँडफादर माउंटनच्या अंगावरून जाणारा १,२४३ फुटांचा पूल, डोंगर कापायला लागू नये म्हणून १५३ तयार तुकडे एकेक करून वरूनच पुढे पुढे जोडत नेला, आणि हाच भाग शेवटचा राहिला होता, १९३५ ला सुरू झालेलं पार्कवेचं काम त्यामुळे १९८७ ला पूर्ण झालं. पुलावर गाडी थांबवता येत नाही, त्यामुळे जो गाडी चालवत नाहीये त्याने फोटो काढायचे.

रंगाबद्दल एक सांगायचंच आहे. पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, हिरव्याखाली झाकलेला, दिवस लहान झाले की झाड हिरवं द्रव्य बनवायचं थांबवतं आणि पिवळा उघडा पडतो. लाल मात्र त्याच दिवसांत नव्याने तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेपासून, आणि त्याला दिवसा लख्ख ऊन आणि रात्री थंडी लागते. म्हणून ट्युलिप पॉपलर, हिकरी या झाडांचा पिवळा दरवर्षी हमखास, आणि सावरवुड, रेड मेपलचा लाल कधी पेटतो कधी नुसता तपकिरी राहतो. ओव्हरलुकवर सावरवुडचं झाड दिसलं तर एकावर एक आलेली दोन पानं बघा, वरचं पान हलकेच बाजूला केलं की खालच्या लाल पानावर त्याची सावली पडलेली तेवढीच जागा फिकी पिवळसर राहिलेली असते, काठासकट. आईंना दाखवा, त्यासाठी चालायला पण लागत नाही.

बाकी भराभर सांगते. पार्कवेला एंट्री फी नाही, पण पेट्रोलही मिळत नाही, गावातूनच टाकी भरून निघा. स्पीड लिमिट जास्तीत जास्त ताशी ४५ मैल, आणि वळणं, थांबणं, पुढच्या गाड्या धरून तासाला तीसच मैल होतात असं धरा, त्यामुळे लिन कोव्हला जाऊन येणं म्हणजे पूर्ण दिवस. फोनला रेंज जाते, मॅप आधीच डाउनलोड करा. कोणाला गाडी लागत असेल तर गोळी निघायच्या आधी, घाट सुरू झाल्यावर उपयोग नाही. उतारावर लो गिअर ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. सकाळी वर धुकं असलं तर हॉटेलवर परत फिरू नका, बऱ्याचदा दहा-अकराला उघडतं. आणि दुपारी चारनंतर सूर्य समोर ठेवून थांबा, ऊन पानांतून आरपार आलं की तोच पिवळा दुप्पट उजळतो.

हॉटेल आत्ताच बुक करा, फोरकास्टची वाट बघू नका, ऑक्टोबरचे वीकेंड आधीच भरतात. जमलं तर पार्कवे मंगळवार ते गुरुवारमध्ये बसवा, शनिवारी ग्रेव्हयार्ड फील्ड्सला पार्किंग मिळत नाही.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हेलीन वादळात नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूला पार्कवेवर दरडी कोसळल्या, काही ठिकाणी रस्ताच वाहून गेला, आणि दुरुस्ती टप्प्याटप्प्याने होत आलीये. त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर माइलपोस्टप्रमाणे कुठला भाग उघडा आहे ते बघाच, नुसत्या फोनच्या मॅपवर जाऊ नका. उत्तरेचा एखादा तुकडा बंद निघाला तर सरळ पहिल्याच दिवसाचा रस्ता परत करा पण सकाळऐवजी दुपारी निघून. तुमच्या नेमक्या तारखा इथेच लिहा, त्या आठवड्यात कुठल्या उंचीवर काय चाललंय ते बघून सांगते.