बॅटरीवर पाणी टाकायचं का? हो, टाकायचं. (आमच्या दाजींनी पण वाचावं)

तुमचा प्रश्न असा, की इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीय पण बॅटरी पेटते म्हणून धाकधूक वाटते, आणि समजा पेटलीच तर पाणी टाकायचं की नाही. गाडीचं शेवटी सांगतो. पाण्याचं आधी, कारण ह्या एका गोष्टीवरून आमच्या घरात चार वर्षं झाली वाद मिटलेला नाही.

माझ्याकडे ई-सायकल होती. ३६ व्होल्टचा पॅक, आत १८६५० साइजचे चाळीस सेल, दहा सिरीजमध्ये, चार पॅरललमध्ये. असा पॅक फुल झाला की ४२ व्होल्ट, म्हणजे सेलमागे ४.२, आणि त्याच्यावर जायचंच नाही. आमचे दाजी, म्हणजे ताईचे मिस्टर, त्यांची सायकल ४८ व्होल्टची, तिच्यात तेरा सेल सिरीजमध्ये, म्हणून चार्जर ५४.६ चा. आणि दोन्ही चार्जरची पिन सेम टू सेम. वेगळ्या व्होल्टेजला एकच पिन द्यायचं ज्याच्या डोक्यातून आलं त्याला एकदा भेटायचंय मला. तर त्या दिवशी माझा चार्जर सापडेना, मी शोधत बसलो, तर दाजी म्हणाले, "अरे पिन बसतेय ना? मग लाव की. उलट लवकर चार्ज होईल." आता दाजी म्हणतात मी असं बोललोच नाही. ताईने ऐकलंय, पण ती म्हणते तुमच्या भांडणात मला ओढू नका.

मी त्यांचा चार्जर लावला. दोन-अडीच तास काहीच झालं नाही. सायकल पॅसेजमध्ये, मेन दाराला लागून, चपलांच्या रॅकशेजारी. (घराबाहेर पडायला ते एकच दार, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. चार्जिंगला कुठे लावायचं विचाराल तर इतकंच सांगीन, बाहेर पडायच्या वाटेवर नाही.) आधी सूऽऽ असा आवाज आला, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा. मग जमिनीलगत पांढरा धूर, आणि वास काहीतरी गोडसर, नेलपॉलिश काढायच्या लिक्विडसारखा. त्या पांढऱ्याला सगळे धूर म्हणतात पण त्यात बरीचशी आतल्या इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे सेलमधल्या द्रवाची, वाफ असते, आणि ती स्वतःच पेटते, बंद खोलीत साठली तर भडका नाही, स्फोटच होतो. मग फट्. मग अजून फट् फट्. एक सेल उडून रॅकवर आदळला आणि जाळ निघाला तो वर नाही, आडवा, गॅस कटरसारखा.

मी मेन स्विच पाडला आणि बाथरूममधून बादली आणली. तर दाजींनी माझा हात धरला! "पाणी नको, लिथियम आहे, उडेल!" त्यांना शाळेत सरांनी सोडियमचा तुकडा पाण्यात टाकून दाखवला होता, तेवढंच केमिस्ट्रीचं भांडवल. मी हात सोडवून ओतली. चार बादल्या ओतल्यावर जाळ बसला, अजून दोन ओतल्यावर सूसू थांबली.

आता नीट ऐका. लिथियम-आयन बॅटरीत लिथियम धातूचा गोळा नसतो. आयन असतात, ते चार्ज होताना ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात आणि वापरताना परत दुसऱ्या बाजूच्या ऑक्साइडमध्ये येतात. पेटतं ते मुख्यतः इलेक्ट्रोलाइट, ते एक ज्वलनशील सॉल्व्हंट आहे. सेल तापला की दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा प्लास्टिकचा पातळ पडदा साधारण १३० डिग्रीला वितळतो, आत शॉर्ट होतो, अजून तापतो, मग कॅथोड, म्हणजे ती ऑक्साइडची बाजू, स्वतःच ऑक्सिजन सोडायला लागतो. म्हणून वाळू टाका, गोधडी टाका, पावडरचा सिलिंडर मारा, वरचा जाळ विझेल पण आतली उष्णता तिथेच राहते आणि शेजारच्या सेलला पेटवते. चाळीस सेलची माळच ती. तिला थंड करणं हा एकच उपाय आणि थंड करायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. विमानात कुणाचा फोन पेटला तर क्रू आधी एक्स्टिंग्विशर मारतात आणि मग त्याच्यावर पाणीच ओततात. पॉवर बँक सामानाच्या बॅगेत टाकू देत नाहीत, हातात ठेवायला लावतात, ते पण ह्याचसाठी, की पेटली तर दिसावी आणि कुणाचा तरी हात पोचावा. दाजींना हे मी सांगितलंय. ते म्हणाले विमानातलं वेगळं असतं. काय वेगळं असतं ते नाही सांगितलं.

पुढचं महाभारत वेगळंच. मी पॅक टबात पाण्यात बुडवून गच्चीवर ठेवला. संध्याकाळी दाजींनी मला न विचारता तो बाहेर काढला, का तर "पाण्यात राहून अजून शॉर्ट होईल", आणि कठड्याजवळ वाळत घातला, कपडे वाळत घालतात तसा. रात्री अकराला परत पेटला. प्लास्टिकची एक खुर्ची गेली, बाकी कुणाला काही झालं नाही. तेव्हापासून दाजींचं म्हणणं की बघ, तू पाणी टाकलंस म्हणून पेटली. आणि माझं म्हणणं की तुम्ही बाहेर काढली म्हणून. जे सेल जळले नव्हते त्यांच्यात चार्ज तसाच होता ना, एखादा दुखावलेला सेल तासांनी, कधी कधी दिवसांनीसुद्धा पेटतो. जळालेली इलेक्ट्रिक कार यार्डात बाकीच्या गाड्यांपासून पन्नास फूट लांब ठेवायला सांगतात ती उगाच नाही.

दाजींची बाजू म्हणून एवढं कबूल करतो की पाणी आत शिरून शॉर्ट होऊ शकतो, खाऱ्या पाण्याने तर नक्कीच. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयान वादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्या नंतर पेटल्या होत्या. पण आधीच पेटलेल्या पॅकवर पाणी टाकणं हा मुद्दा वेगळा, त्यात मी एक इंच मागे हटणार नाही.

आणि एक गोष्ट जी मी घरात सांगितलेली नाही. त्याच्या दोन महिने आधी चढावर सायकल सारखी बंद पडायची, तेव्हा एका रिपेअरवाल्याने बीएमएस, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणारा सर्किट बोर्ड, बायपास करून दिला होता. मीच हो म्हणालो होतो. त्या पॅकमध्ये चार्जिंग पण त्याच बोर्डातून जायचं, म्हणजे ओव्हरचार्ज झाला की सप्लाय तोडणारं जे होतं ते पण मीच काढून टाकलं. बीएमएस जागेवर असता तर दाजींच्या चार्जरने बहुतेक नुसतं चार्जिंग बंद पडलं असतं. बहुतेक. पण चार्जर त्यांचाच होता.

बरं, गाडी. घ्या. आत्तापर्यंतचे आकडे बघितले तर पेट्रोल-डिझेलच्या गाड्या जास्त पेटतात, आता इलेक्ट्रिक गाड्या अजून नव्या आहेत हे धरूनसुद्धा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी मिळत असेल तर ती बघा, तिच्यात ऑक्सिजन फॉस्फेटला घट्ट बांधलेला असतो, सहजासहजी सुटत नाही. अजिबात पेटत नाही असं नाही, पण एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरीपेक्षा सहनशील. रिकॉल आला, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने वस्तू परत बोलावली, तर मात्र आळस करू नका, २०१६ ला सॅमसंगचा नोट ७ फोन आणि २०२१ ला शेव्हरले बोल्ट ही इलेक्ट्रिक कार, दोन्ही मोठ्या कंपन्या, दोन्हीकडे सेल बनवतानाच गडबड. खरी भीती मला छोट्या गाड्यांची वाटते, सायकल-स्कूटर ज्यांची बॅटरी आपण घरात आणतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली असल्या बॅटऱ्यांच्या आगीत १८ माणसं गेली.

हो, आणि मी बादल्या ओतल्या म्हणून तुम्ही ओतायलाच पाहिजेत असं नाही. आधी प्लग/मेन बंद, ते जमत नसेल तर पाणी नाही. फोन किंवा पॉवर बँक असेल तर ओता. स्कूटरचा किंवा कारचा पॅक असेल तर घराबाहेर पडा, दार ओढून घ्या, फायर ब्रिगेडला फोन करा आणि बॅटरी आहे हे आवर्जून सांगा, कारला तर त्यांनासुद्धा हजारो लिटर लागतात. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू असतो, मला दोन दिवस घसा धरला होता. फुगलेला फोन टोचून हवा काढायला जाऊ नका. शून्य डिग्रीच्या खाली थंडी असेल तर चार्जिंग करू नका, ग्रॅफाइटवर लिथियमचा थर बसतो. हां, आणि घड्याळात किंवा रिमोटमध्ये जो बटणासारखा लिथियम सेल असतो त्यात मात्र खरंच धातूचं लिथियम असतं, दाजींचं सोडियम तिथे थोडंफार लागू होईल.

नवीन सायकल घेतली तेव्हा माझ्या चार्जरला लाल टेप लावून मार्करने ४२ लिहिलंय. दाजींना पण टेप दिली होती, ५४.६ लिहून घ्या म्हणालो. अजून लावलेली नाही.