थोड्या लशी कोणाला द्याव्यात?

प्रश्न : गणपतीत मुंबईचे चाकरमानी गावी येतात आणि मागोमाग सर्दी-तापाची साथ वाडीवाडीत पसरते. संपर्कांचे जाळे मांडून साथ रोखता येते, असे वाचले. लशी थोड्या असल्या, तर त्या कोणाला द्याव्यात? – एक वाचक, दापोली

उत्तर : जाळ्याच्या सिद्धान्तात माणूस म्हणजे बिंदू आणि रोग ज्या संपर्कातून पोहोचू शकतो तो संपर्क म्हणजे रेषा. एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण करतो, एवढ्याच आकड्यावर विसंबले तर सर्वांचे संपर्क सारखे धरल्यासारखे होते. हर्णै बंदरावरच्या लिलावात मासळी घेऊन ती दारोदार विकणारी बाई आणि ओटी सोडून क्वचितच बाहेर पडणारे आजोबा यांना एकाच मापाने कसे मोजायचे? ही विषमता फार मोठी असेल, तर कमी संसर्गक्षम रोगही टिकून राहू शकतो आणि सरसकट लसीकरणाने तो आटोक्यात येणे अवघड होते, असे पास्तोर-सातोरास आणि वेस्पिग्नानी या भौतिकशास्त्रज्ञांनी २००१ च्या सुमारास गणिताने मांडले.

मग गावभरच्या ओळखींचा नकाशा काढायचा का? त्याची गरज नाही, आणि मला या विषयातले हेच सर्वांत मोलाचे वाटते. कोहेन, हॅवलिन आणि बेन-अव्राहम या संशोधकांनी २००३ मध्ये सुचवले, की चिठ्ठी टाकून काही माणसे निवडावीत, प्रत्येकाला आपल्या एका परिचिताचे नाव विचारावे आणि लस त्या परिचिताला द्यावी. ज्याच्या ओळखी जास्त, त्याचे नाव अनेकांच्या तोंडून येण्याची शक्यता जास्त, त्यामुळे न शोधताही नेमकी माणसे सापडतात. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांमध्ये अशा रीतीने नाव सांगितलेल्या मित्रांच्या गटात फ्लू चिठ्ठीने निवडलेल्यांपेक्षा सुमारे दोन आठवडे आधी दिसला; म्हणजे साथीची चाहूलही तिथेच लवकर लागते.

वाडीच्या आत सर्वांचे सर्वांकडे येणे-जाणे असते, पण दोन वाड्यांना जोडणारे धागे मोजके असतात. गणपतीत आरत्या-भजनांसाठी घरोघर फिरणारी मंडळी हे धागे एकदम वाढवतात, म्हणून ताप असलेल्याने त्या फेरीत जाऊ नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ साधेल. वृद्ध आणि आजारी माणसांना मात्र, त्यांच्या ओळखी कमी असल्या तरी, स्वतःच्या रक्षणासाठी लस मिळालीच पाहिजे.

याच दिवसांत लेप्टोस्पायरोसिसचाही ताप येतो. तो उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या शेतातल्या चिखलपाण्यातून होतो आणि सहसा माणसाकडून माणसाकडे जात नाही, त्यामुळे तिथे ओळखींचे जाळे उपयोगी पडत नाही. शेतात काम केल्यानंतर ताप आला, तर वेळ न दवडता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि चिखलात उतरलो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.