ओटीपी दिला म्हणजे सायकल पसंत केली, असं होत नाही

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र आणि सोबतचे फोटो नीट पाहिले. बाकी वाचकांसाठी हकीकत थोडक्यात सांगतो. कराडच्या या ताईंनी आठवीत गेलेल्या मुलासाठी एका ऑनलाइन बाजारपेठेवरून गिअरची सायकल मागवली. विक्रेता लुधियानाचा, किंमत घरपोच १८,४०० रुपये, पैसे आधीच यूपीआयने भरलेले. गुरुवारी दुपारी खोकं आलं तेव्हा ताई कामावर होत्या, घरी फक्त सासूबाई. कुरिअरच्या मुलाने खोकं ओट्याला टेकवलं, ताईंना फोन लावून ओटीपी घेतला आणि तो गेला. शुक्रवारी संध्याकाळी सायकल जोडायला मिस्त्रीकडे नेली, तर पुढचं चाक ब्रेकला घासतंय आणि फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या चिमट्याची, डावी दांडी आत वाकलेली. शनिवारी रात्री तक्रार नोंदवली. विक्रेत्याचं उत्तर असं: ओटीपी देऊन तुम्ही माल सुस्थितीत मिळाल्याचं मान्य केलंत, खोकं उघडतानाचा व्हिडिओ नाही, तक्रार ४८ तासांनंतर आली, आणि मिस्त्रीने हात लावल्यामुळे वॉरंटीही गेली. कुरिअर कंपनी म्हणते, दावा पाठवणाऱ्याने करायचा. बाजारपेठेने तक्रार परस्पर बंद केली. बिलाच्या तळाशी छापलंय की वाद फक्त लुधियानाच्या न्यायालयात.

ताई, यातली एकही गोष्ट तुमचे पैसे अडवण्याइतकी भक्कम नाही.

आधी ओटीपीचं बघू, कारण याच एका मुद्द्यावर बहुतेक लोक हात टेकतात. ओटीपीने एवढंच सिद्ध होतं की अमुक दिवशी अमुक पत्त्यावर खोकं पोचलं. आतली सायकल कशी होती, हे ना सासूबाईंना दिसत होतं ना त्या मुलाला. मालविक्री कायदा १९३० चं कलम ४१ सांगतं की, आधी न पाहिलेला माल ताब्यात आला तरी तो तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असं धरता येत नाही. गुरुवारी माल, शुक्रवारी तपासणी, शनिवारी तक्रार. याहून लवकर नोकरी करणाऱ्या बाईने काय करायचं होतं? सायकल चाकं, हँडल, पेडल लावल्याशिवाय तपासताच येत नाही. तेव्हा मिस्त्रीने ती जोडली हाही तपासणीचाच भाग आहे, छेडछाड नाही.

तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय की मुलाने मिस्त्रीच्या दारात दोन फेऱ्या मारल्या. ते लपवू नका, तक्रारीत तसंच लिहा. फेरी मारल्यामुळेच चाक घासतंय हे कळलं. मात्र इथून पुढे कुणालाही त्या सायकलवर बसू देऊ नका. दोष कळल्यावरही वापर चालू ठेवला तर तुम्ही माल स्वीकारला असं म्हणायला जागा मिळते. मग पूर्ण पैसे परत मागण्याचा हक्क जाऊन फक्त नुकसानभरपाई मागता येते. आणि वाकलेल्या फोर्कवर पोरगं उतारावरून सुटलं तर काय होईल, हे मी वेगळं सांगायला नको. मिस्त्री म्हणतोय ना, दाबून सरळ करून देतो? देऊ नका. पुरावाही जाईल आणि दांडी आतून कमजोर राहील ती राहीलच.

आता तुमच्या चौथ्या फोटोकडे वळतो. माझ्या मते सगळ्या कागदांत तो सर्वांत मोलाचा आहे. सायकल खोक्यात भरताना पुढचं चाक काढतात, त्यामुळे फोर्कच्या दोन्ही दांड्या मोकळ्या राहतात. म्हणून त्यांच्या टोकांमध्ये प्लास्टिकचा आडवा तुकडा अडकवतात, म्हणजे खोक्यावर दुसरं सामान पडलं तरी दांड्या आत दबत नाहीत. तुमच्या फोटोत तो तुकडा नाही आणि फोर्कचं डावं टोक खोक्याचा तळ फाडून बाहेर आलेलं दिसतंय. म्हणजे प्रश्न कुरिअरने खोकं आपटलं का एवढाच उरत नाही. पाठवणाऱ्याने ते नीट बांधलंच नव्हतं.

विक्रेत्याचा वकील बहुधा म्हणेल की माल कुरिअरच्या हाती दिला तिथेच आमची जबाबदारी संपली. मालविक्री कायद्याच्या कलम ३९ मध्ये वाहतूकदाराच्या हाती दिलेला माल प्रथमदर्शनी ग्राहकाला दिला असं धरतात, हे खरं. पण त्याच कलमात पुढे आहे की विक्रेत्याने वाहतुकीचा करार मालाचं स्वरूप पाहून वाजवी रीतीने करायला हवा, नाहीतर ग्राहक ती पोच नाकारू शकतो. आणि तुमचा व्यवहार घरपोचचा होता. कुरिअर त्यांनी निवडलं, त्याचे पैसे त्यांनी दिले, खोकं त्यांनी बांधलं.

४८ तासांच्या अटीला आणि व्हिडिओच्या अटीला ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० चा नियम ६ उत्तर देतो. सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे द्यायला बाजारपेठेवरचा विक्रेता नकार देऊ शकत नाही. व्हिडिओ असता तर काम सोपं झालं असतं, पण तो नसल्याने हक्क जात नाही. इथे एक बारकावा सांभाळा. तक्रारीत ‘ही अट रद्द करा’ अशी मागणी करू नका. अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालत नाही, ती राज्य ग्राहक आयोगाकडे जाते, आणि समोरचे हाच आक्षेप घेऊन तारखा खातील. तुम्ही फक्त सदोष माल, सेवेतली त्रुटी आणि पैसे परत न करण्याची अनुचित व्यापारी प्रथा एवढ्यावर राहा.

लुधियानाला जायची भीती मनातून काढून टाका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. तुमच्यासाठी तो साताऱ्याचा आयोग. बिलावरच्या त्या ओळीने हा हक्क जात नाही. मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील लावणं सक्तीचं नाही, तक्रार मराठीत लिहिता येते, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरून व्हावी असा अर्जही करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे. कायदा तीन महिन्यांत निकाल द्या म्हणतो, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. हे आधीच सांगतो, म्हणजे मधेच धीर सुटणार नाही.

पण आयोगात जायच्या आधी दोन गोष्टी करा. एक, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. दोन, विक्रेता आणि बाजारपेठेचा तक्रार निवारण अधिकारी या दोघांना एकच ईमेल पाठवा. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण दिलं पाहिजे, असा नियमच आहे. मजकूर असा ठेवा, हिंदीत किंवा इंग्रजीत करून घ्या:

‘अमुक क्रमांकाच्या ऑर्डरची सायकल अमुक तारखेला मिळाली. दुसऱ्या दिवशी जोडून तपासली असता फोर्क वाकलेला आढळला. खोक्यात फोर्कला आधार देणारा तुकडा नव्हता. फोटो आणि मिस्त्रीचा लेखी अभिप्राय सोबत आहे. मी हा माल स्वीकारत नाही. सायकल माझ्या पत्त्यावर तुमच्यासाठी जपून ठेवली आहे, ती तुमच्या खर्चाने घेऊन जावी आणि पंधरा दिवसांत १८,४०० रुपये परत करावेत.’

‘मी हा माल स्वीकारत नाही’ हे वाक्य गाळू नका. मालविक्री कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे रास्त कारणाने माल नाकारला आणि तसं कळवलं की तो स्वतः परत पाठवायची जबाबदारी, वेगळं काही ठरलं नसेल तर, ग्राहकावर राहत नाही. ‘आधी तुमच्या खर्चाने पाठवा, मग बघू’ या त्यांच्या निरोपाला हेच उत्तर. न्यायला कुणी आलं तर त्याच्यासमोर फोटो काढा आणि पावतीवर ‘फोर्क वाकलेला’ असं लिहून घेतल्याशिवाय खोकं सोडू नका.

मिस्त्रीचा अभिप्राय दुकानाच्या बिलबुकावर, तारीख-सहीसह घ्या. त्यात फ्रेम नंबर यायलाच हवा. बहुतेक सायकलींवर तो पेडलच्या खाली, फ्रेमच्या पोटाशी ठोकलेला असतो. फोटो मूळ फोनमध्येच राहू द्या.

कुरिअर कंपनीला आयोगात पक्षकार करा, पण भिस्त तिच्यावर ठेवू नका. पाठवणाऱ्याने सही केलेली मर्यादित भरपाईची अट सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डीएचएल या कुरिअर कंपनीच्या प्रकरणात मान्य केली आहे आणि ती अट तुमच्याविरुद्धही पुढे करतील. रस्ता वाहतूक कायदा २००७ प्रमाणे वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत पोचावी लागते. ही तारीख खोक्यावरच्या लेबलवर आहे, डिलिव्हरीच्या तारखेवरून मोजू नका. नोटीस याच आठवड्यात स्पीड पोस्टने पाठवून द्या. त्या डिलिव्हरीच्या मुलाचं नाव मात्र तक्रारीत घालू नका. दिवसभर खोकी वाहणाऱ्या पोराने बांधणी केली नव्हती, आणि त्याची नोकरी गेल्याने तुमचे पैसे येणार नाहीत.

तुमचे भाऊजी पोलिसांत फसवणुकीचा गुन्हा नोंदवा म्हणतात. नको. फसवणुकीला सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू लागतो. इथे विक्रेत्याने सायकल पाठवली, ती खराब पोचली. पोलीस अर्ज दिवाणी स्वरूपाचा म्हणून परत करतील आणि तेच पत्र समोरचे तुमच्याविरुद्ध वापरतील.

शेवटचा प्रश्न, शाळेसाठी मुलाला दुसरी सायकल घेतली तर दावा बिघडेल का? अजिबात नाही. खुशाल घ्या, तिचं बिल जपून ठेवा. ही सायकल मात्र आहे तशी खोक्यात भरून कोरड्या जागी ठेवा, आणि फाटका तळ असलेलं ते खोकं निकाल लागेपर्यंत रद्दीत घालू नका.