अमेरिकन सहकारी मीटिंगमध्ये ‘लेट्स टेबल धिस’ म्हणाला, तर विषय चर्चेला घ्यायचा की बाजूला ठेवायचा?

बाजूला ठेवायचा. अमेरिकेत ‘टेबल करणं’ म्हणजे विषय तूर्त थांबवणं; ब्रिटन-ऑस्ट्रेलियात नेमकं उलट, चर्चेसाठी मांडणं. आपल्याकडचं ‘सभागृहाच्या पटलावर ठेवणं’ हे ब्रिटिश वळणाचं, म्हणून आपण हमखास फसतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी याच शब्दावरून बराच वेळ भांडले, असं चर्चिलनी लिहून ठेवलंय. खरं तर दोघांनाही त्या मुद्द्यावर लगेच चर्चाच हवी होती! कॅनडात मात्र दोन्ही अर्थ चालतात, तिथे ‘आज की पुढच्या मीटिंगला?’ असं सरळ विचारा. आणि मिनिट्समध्ये ‘टेबल्ड’ लिहूच नका. ‘पोस्टपोन्ड’ किंवा ‘डिस्कस्ड’ लिहा.