बडोद्याहून आईबाबांना घेऊन पहिल्यांदाच 3 दिवस मुंबईला जायचंय. कसं ठरवावं?

तिकीट शक्यतो मुंबई सेंट्रलचं काढा, वांद्रे टर्मिनसचं नको. ते लोकलच्या वांद्रे स्टेशनापासून वेगळं आहे, सामान घेऊन दमछाक होते. सेंट्रलहून चर्चगेट स्लो लोकलने चौथं स्टेशन. सकाळी 8 ते 11 मात्र लोकलच्या वाटेला जाऊ नका, टॅक्सी करा.

घारापुरी (एलिफंटा लेण्यांचं बेट) सोमवारी बंद असते. बरेच जण इथेच फसतात. इतर दिवशी गेटवेहून सकाळी 9च्या सुमाराची लाँच धरा. जायला तासभर लागतो, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, म्हणून आईबाबांना उन्हाआधी चढू द्या. माकडांसमोर डब्याची पिशवी उघडलीत, तर ठेपले गेलेच समजा! पावसाळ्यात लाँचचा भरवसा नाही.

मरीन ड्राइव्ह संध्याकाळी, पायीच.