गप्प राहणं आवडणारी देवी

प्रश्न : ताई, मी ठाण्यात एका शाळेत २६ वर्षं गणित शिकवते. यंदा आवाज पार बसला, स्वरतंतूंवरच्या गाठी काढाव्या लागल्या. डॉक्टरांनी सक्तीचं मौन सांगितलंय, त्यामुळे घरात पाटी घेऊन फिरते. लेकीने गमतीने मेरेतसेगेर नावाच्या इजिप्तच्या देवीचं चित्र छापून दिलं. अंग नागाचं, डोकं बाईचं. नावाचा अर्थ 'शांतता आवडणारी'. मला ती अगदी माझीच वाटायला लागली आहे. देव्हाऱ्यात ठेवते म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, "आपल्या देवी काय कमी पडल्या?" या शांततेत नको ते आठवतं. एका मुलीला फळ्यापाशी उभी करून भर वर्गात असं काही बोलले होते, की तिने पुन्हा हात वर केला नाही. आता ती आमच्या नाक्यावरच्या मेडिकलमध्ये असते. औषधं आणायला मी यांनाच पाठवते. असो. चित्र देव्हाऱ्यात चालेल का?
— एक वाचक, वर्तकनगर

उत्तर : चित्र टेबलावर ठेवा. देव्हारा सासूबाईंचा आहे, तिथे कशाला वाद? मात्र देवी परकी म्हणून नको, हे मला पटत नाही. वणीची सप्तशृंगी कड्यातच कोरलेली आहे. मेरेतसेगेर तर अख्खं शिखरच. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिमेला, पिरॅमिडसारखं दिसणारं. त्याच्या कुशीत राजांची थडगी आणि ती खोदणाऱ्या-रंगवणाऱ्या कारागिरांचं गाव, देर अल-मदिना. उघडाबोडका डोंगर, दगडांत साप. त्यांची देवी नागीण झाली यात नवल नाही. मी बेलापूरला पारसिकच्या डोंगराखाली राहते. नागपंचमीला हात जोडणारे आमचे शेजारी पार्किंगमध्ये नाग निघाला की सर्पमित्राला फोन लावतात. (मीही लावते.)

पण तुमच्या पत्रावरून मला आठवला तो नेफेराबू. याच गावचा, सुमारे ३२०० वर्षांपूर्वीचा. त्याने या देवीसाठी कोरून घेतलेला दगड आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. त्यावर तो म्हणतो, मी अडाणी होतो, बरंवाईट कळत नव्हतं, शिखराचा अपराध केला आणि तिने मला धडा शिकवला. रात्रंदिवस तिच्या मुठीत होतो, बाळंतिणीसारखा विटांवर बसून होतो. (तिकडे बायका विटांवर उकिडव्या बसून बाळंत होत.) वाऱ्याला हाक मारली, तो आला नाही. सांभाळा, शिखरात सिंह आहे, असं तो लहानथोर सगळ्यांना बजावतो. मग देवी वळली, गार झुळूक होऊन आली आणि त्याला दुखणं विसरायला लावलं.

अपराध कोणता, ते या दगडावर नाही. त्याचा दुसरा दगड लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, प्ताह देवासाठीचा. तिथे मात्र सरळ कबुली : खोटी शपथ घेतली, भरदिवसा अंधार दिसला.

बघा, शांतता आवडणाऱ्या देवीपुढेही हा गडी गप्प बसला नाही. आपली चूक त्याने दगडावर कोरून घेतली, तीही सगळ्यांना दिसेल अशी. तुम्ही तुमची चार वाक्यांत लिहिलीत आणि 'असो' म्हणून मिटवलीत. मला वाटतं, प्रश्न देव्हाऱ्याचा नव्हताच. मी स्वतः धाकट्या जावेशी अकरा वर्षं अबोला धरला होता, त्याला 'वाद नको म्हणून गप्प बसते' असं गोंडस नावही दिलं होतं. त्यामुळे 'असो' मला लगेच ओळखू येतं.

डॉक्टर बोलायची परवानगी देतील तेव्हा आवाज सुरुवातीला जेमतेम असेल. तेवढा पुरे. औषधाची चिठ्ठी यांच्याकडे देऊ नका, स्वतः जा. आधी तिला नावाने हाक मारा. भर वर्गात बोलला होतात, म्हणून काउंटरवर चार गिऱ्हाइकांसमोर माफी मागायला जाऊ नका, ती पोर अवघडेल. दुपारी तीनच्या सुमाराला मेडिकलमध्ये फारसं कुणी नसतं.