पाण्याच्या टाकीचं झाकण गंजून बसलंय? डिझेल लावू नका

प्रश्न : शेतवस्तीवर पिण्याच्या पाण्यासाठी २०० लिटरचं लोखंडी पिंप आणि जुनी जस्ती पत्र्याची टाकी आहे. पिंपाचं बूच आणि टाकीचं झाकण दोन्ही गंजून जाम झालंय. डिझेल सोडून छन्नीनं उघडावं का?

उत्तर : डिझेल, रॉकेल, जळकं ऑइल यातलं काहीही लावू नका. पाण्यात थेंबभर उतरलं, तरी चारदा धुऊनही वास जात नाही आणि ते पाणी घरच्यांच्या पोटात जातं. छन्नीनं आटे चिरतात, मग नवं बूचही नीट बसत नाही.

आधी तारेच्या ब्रशनं बुचाभोवतीचा गंज झाडून काढा. फटीत खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल सोडा. बुचावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीनं कडेकडेनं हलके ठोके द्या आणि रात्रभर तसंच राहू द्या. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो आट्यात पाचरीसारखा बसतो. ठोक्यांनी तो सुटतो, तेल खाली उतरतं. सकाळी बुचाच्या बाहेरच्या कड्यावर कडक गरम पाणी ओता. बुचावर ओतू नका. कडं फुगलं की पाना लावा आणि आधी किंचित आवळायच्या दिशेनं दाबून मग उलटं फिरवा. एका झटक्यात निघालं नाही तर पुन्हा तेल, पुन्हा ठोके. दोन-तीन दिवस लागले तरी चालेल. गॅस कटर, ग्राइंडर बंद पिंपाला अजिबात लावू नका. पूर्वी त्यात डिझेल किंवा रसायन असेल, तर आत उरलेली वाफ पेटून स्फोट होतो.

जस्ती टाकीला चिंचेचा कोळ किंवा लिंबू चोळू नका. गंजाबरोबर जस्ताचा थरही खाल्ला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात पत्रा आणखी गंजतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. बरेच दिवस बंद असलेल्या मोठ्या टाकीत झाकण उघडताच डोकं घालू नका, आत उतरू तर नकाच. गंज चढताना आतल्या हवेतला प्राणवायू खर्ची पडतो. बाहेरून काही कळत नाही, आत गेलेला माणूस मात्र काही क्षणांत कोसळतो आणि त्याला काढायला गेलेलाही. धुणं बाहेरूनच, लांब दांड्याच्या ब्रशनं करा.

पाण्याखालच्या पत्र्यापेक्षा झाकण आधी गंजतं, कारण रात्री आतल्या बाजूला दव धरतं आणि वर हवा भरपूर असते. ब्लीचिंग पावडर टाकून लगेच झाकण लावलं, तर क्लोरिनची वाफ त्यात भर घालते. पावडर पाण्यात कालवून वर राहतं ते नितळ पाणी, म्हणजे निवळीच वापरा. आट्यांवर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप लावा, वायसर रबरी ठेवा आणि आठवड्यातून एकदा झाकण उघडा. त्याच दिवशी भांडं रिकामं करून, घासून कोरडं केलं तर डासांची अळीही मरते, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. झाकण उघडत नाही म्हणून टाकी उघडीच ठेवणं हा उपाय नव्हे. हवेच्या छिद्राला बारीक जाळी असू द्या, पण छिद्र बुजवू नका. मोटारीनं पाणी ओढलं की बंद टाकीचा पत्रा आत बसतो.

प्रश्न : त्याच पिंपात ठिबकची खतं विरघळवतो, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रणही करतो. गंज त्यामुळे चढला का?

उत्तर : खतांमुळे नक्कीच चढतो, म्युरेट ऑफ पोटॅशमधलं क्लोराइड लोखंडाला फार वाईट. बोर्डोचं तर उलटंही नुकसान होतं. मोरचूद लोखंडाला लागला की त्यातलं तांबं पिंपाच्या भिंतीवर बसतं आणि फवारणी कमजोर पडते. दोन्हींसाठी प्लास्टिकचं वेगळं पिंप घ्या आणि त्यावर रंगानं मोठ्या अक्षरात ‘खत-औषध’ लिहा. खत-औषध कालवलेलं हे लोखंडी पिंप कितीही धुतलं, तरी पिण्याच्या पाण्यासाठी आता वापरू नका.